झबली, दुपटी आणि आजीची ट्रंक : मनूच्या बाळंतविड्याच्या नोंदी

८ सप्टेंबर, सुदामा नगर

मनूची, माझ्या धाकट्या बहिणीची, तारीख डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातली. पहिलं बाळंतपण, म्हणून ऑक्टोबर संपता संपता ती पुण्याहून इकडे इंदूरला आईकडे येणार, आणि बाळंतविड्याचं सगळं शिवणकाम आईने माझ्या गळ्यात घातलंय कारण घरात मशीन चालवणारी मी एकटीच उरलेय. ह्यांनी ह्याला प्रोजेक्ट झबलं असं नाव देऊन टाकलं आणि एक कोरी वही आणून दिली, की लिहून ठेव नाहीतर नेहमीसारखं अर्धवट राहील. ठीक. तर ही वही.

करायचंय ते असं : झबली, लंगोट, दुपटी, दोन-तीन टोपडी, एक कुंची. गोधडी आई करणार आहे, त्यात मी पडत नाही.

१३ सप्टेंबर, रामबाग

आज आजीने तिची पत्र्याची ट्रंक उघडली. झाकण वर केलं आणि डांबराच्या गोळ्यांचा असा भपका आला की डोळ्यांतून पाणीच. खाली आमची झबली, माझी आणि मनूची मिळून सात, नानांच्या धोतराची, धुऊन धुऊन अगदी दुधावरच्या सायीसारखी झालेली. मी एक हातात घेतलं तर तळव्याएवढं वाटलं, आपण ह्यात मावत होतो हे खरंच वाटेना. आजी म्हणाली, "हीच घाला बाळाला, बारशापर्यंत नवं कापड लावायचं नसतं अंगाला." मी म्हटलं चला, निम्मं काम झालं.

एक बघितलं, सगळी शिलाई बाहेरच्या बाजूला. मला वाटलं उलटं घडी करून ठेवलंय. आजी हसायला लागली. "अगं बाई, शिलाई बाळाला टोचायला नको म्हणून मुद्दाम बाहेर ठेवतात, बघायला काय लोक येणारेत का झबलं!"

१५ सप्टेंबर

काम झालं नाही. शाळेतली मैत्रीण लहान मुलांच्या वॉर्डात नर्स आहे, तिला ट्रंकेचा फोटो कौतुकाने पाठवला तर तिने लगेच फोनच केला. म्हणाली ती झबली बाळाला घालायची नाहीत, गोधडी असेल त्या ट्रंकेत तर तीही नाही.

तिने सांगितलं ते लिहून ठेवते म्हणजे आजीला सांगता येईल. डांबर गोळी म्हणजे नॅप्थलीन. ती वितळत नाही, घन असते तिची सरळ वाफ होते, म्हणून तर ट्रंकेत ठेवलेली गोळी वर्षभरात वाटाण्याएवढी होऊन जाते. ती गेली कुठे, तर कपड्यात. आता काही मुलांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं एक एन्झाइम जन्मतःच कमी असतं, मुलग्यांमध्ये जास्त कारण तो दोष एक्स क्रोमोझोमवरून येतो, आणि अशा बाळाला नॅप्थलीन लागलं, नुसतं वासातून किंवा कातडीतून, तरी तांबड्या पेशी भराभर फुटतात आणि कावीळ चढते. ती फार चढली तर मेंदूपर्यंत जाते. बाळाला हा दोष आहे का नाही हे बघून कोणाला कळत नाही आणि आपल्याकडे सगळ्याच बाळांची ती टेस्ट होतेच असं नाही. वर हेही म्हणाली की नॅप्थलीन तेलात विरघळतं, त्यामुळे अंगाला तेल लावलेलं बाळ असेल तर ते आणखीन आत ओढलं जातं. आणि आपण तर रोज तेल चोळणार!

१६ सप्टेंबर

आजीला सांगितलं. आजी म्हणाली, "मग तुम्ही दोघी काय मेल्यात का?"

ह्यावर मला उत्तर सुचलं नाही. आईने विषय बदलून पोहे केले.

२७ सप्टेंबर

आजीच्या समाधानासाठी (आणि खरं सांगायचं तर माझ्याही) दोन झबली चार वेळा धुतली, अकरा दिवस गच्चीवर उन्हात टाकली. वास गेला असं वाटत होतं. आज इस्त्री फिरवली आणि गरम वाफेबरोबर तोच वास परत वर आला, ट्रंक उघडल्यासारखा. झालं. फैसला. झबली अंगावर चढणार नाहीत.

पण फेकणारही नाही. एक झबलं उसवून त्याचाच खाका करायचा. आजीला विचारलं उसवू का, ती बराच वेळ काही बोललीच नाही आणि मग स्वतःच कात्री घेऊन बसली. पंच्याऐंशीला टेकलेली बाई, चष्मा नाकावर, एकेक टाका सुईने उचलून काढला. कापड एक सूतही फाटलं नाही.

२८ सप्टेंबर

खाका ब्राउन पेपरवर उतरवला. सोपा आहे, मागचं-पुढचं एकाच तुकड्यात, खांद्यावर घडी, बाह्या अंगालाच जोडून आलेल्या, पुढून पूर्ण उघडं, एक पाख दुसऱ्यावर, दोन बंद. खांद्याला शिलाई नाहीच. आणि हे पुढून उघडं असणं नुसती जुनी पद्धत नाहीये, त्याला कारण आहे. नवजात बाळाचं डोकं छातीपेक्षा मोठं असतं, पूर्ण दिवसांच्या बाळाचं डोकं साधारण ३४ सेंटिमीटर आणि छाती त्याहून दोनेक सेंटिमीटर कमी. म्हणजे डोक्यावरून जाणारा गळा शिवला तर अंगात ढगळ आणि अंगात बरोबर शिवला तर डोक्यातून जाणार नाही, आणि मान तर अजून धरलेलीच नसते. बाळाला उघड्या झबल्यावर नुसतं निजवायचं आणि हात आत घालून बंद बांधायचे.

५ ऑक्टोबर

कपडा मार्केट. आई बरोबर होती म्हणून दोन तास, एकटी असते तर वीस मिनिटं.

पहिल्या दुकानात कापडाची एवढी तारीफ, पण अंगठ्याने चोळलं तर पांढरी पावडर झडली, म्हणजे कांजी. कांजी धुतली की खाली जाळी उरते. दुसरीकडे मलमल बरी होती. तिथल्या काकांनी स्वतःच काठातला धागा ओढून काडीने पेटवून दाखवला, कागदासारखा भुर्रकन जळला आणि बोटात धरली तर मऊ राख. पॉलिएस्टर असलं की वितळून टोकाला कडक मणी होतो. घेताना म्हणाले, "बेन, कोरा माल है, एक पानी पिला के काटना." ५ मीटर घेतली, ४४ इंच पन्ना. टोपडी आणि थंडीच्या झबल्यांसाठी थोडं होजियरीचं कापडही घेतलं.

येताना आई म्हणाली राजवाड्याला आलोच आहोत तर सराफ्यात काहीतरी खाऊ. दुपारी चार वाजता सराफा? तिथली खाऊगल्ली भरते रात्री. तरी खाल्लंच काहीतरी.

६ ऑक्टोबर

पाणी पाजलं. त्याआधी कोपऱ्यात ५० बाय ५० सेंटिमीटरचा चौकोन पेनाने आखून ठेवला होता. वाळल्यावर मोजला : लांबीत ४६.५, रुंदीत ४९. म्हणजे उभ्या धाग्यात ७ टक्के गेलं. एका झबल्याला २४ इंच लांबी लागते आणि पन्ह्यात दोन बसतात, त्या हिशोबाने आधी १६ झबली होत होती, आता १४. न धुता कापलं असतं तर सोळाच्या सोळा पहिल्या धुण्यात बाळाच्या बेंबीवर गेली असती. काका, तुमचे उपकार.

१९ ऑक्टोबर

६ झबली झाली. बंद लहान ठेवलेत, गाठ मारून थोडं उरेल एवढेच, लांब लोंबते बंद कुठे मानेभोवती नकोत. बटणं अजिबात नाहीत. आजीने एक घेऊन आपल्या गालाला लावून बघितलं, मग मानेला, मग म्हणाली बगलेत जाड आहे. खरंच जाड होती, तिथे शिलाई दोनदा आली होती. सहाही उसवली.

२ नोव्हेंबर

मनू आली. पोट बघून आजीचं लगेच मुलगा-मुलगी सुरू.

जावईबापूंनी ऑनलाइन मागवलेला न्यूबॉर्न सेट पण आला बरोबर, फार गोड दिसतो. छातीवर अस्वलाचं रबरासारखं जाड प्रिंट, त्यातून हवा जाणार नाही. मानेमागे कडक लेबल. हातमोजे उलटे करून बघितले तर आत सुटे धागे असे लोंबतायत की त्यातला एक बाळाच्या बोटाला गुंडाळला गेला तर रक्त थांबेल आणि वरून मोज्यामुळे कोणाला दिसणारही नाही. आमच्या नर्सबाईंनी हे मुद्दाम सांगितलं होतं, मोजे नेहमी उलटे करून बघ. जावईबापूंसमोर काय बोलणार. लेबल कापलं, धागे कापले, अस्वल पिशवीत ठेवलं. ओरखडे नकोत म्हणून मोज्यांपेक्षा नखंच कापावीत असं माझं मत, पण पहिल्या दिवसांतली ती कागदासारखी नखं कापायची हिंमत कोणाची.

९ नोव्हेंबर

लंगोट. आजीची एक रोजवापरातली सुती नऊवारी, ट्रंकेतली नाही, कपाटातली, दोनदा वास घेऊन खात्री केली. काठ कापून टाकले, ते खरखरतात. २२ इंची चौकोन काढले, विरलेला भाग आणि पदर सोडून २४ निघाले. आई म्हणते दिवसाला पंधरा-वीस लागतात, म्हणजे ही जेमतेम एका दिवसाची बेगमी. आईच्या दोन साड्या अजून फाडाव्या लागणार, ती "ही नको, ती नको" करत कपाटापुढे उभी आहे.

१६ नोव्हेंबर

कुंची. बाहेरून आईच्या महेश्वरीच्या उरलेल्या पदराचा तुकडा, आतून मलमलचं अस्तर, कारण जरीचे धागे बाळाच्या कानाला लागायला नकोत. दीड दिवस गेला. बारशाला पंधरा मिनिटं घालायची वस्तू, पण सगळ्या घराने सगळ्यात जास्त कौतुक हिचंच केलं, १४ झबल्यांकडे कोणी ढुंकून नाही.

२४ नोव्हेंबर

सगळं धुणं. बोअरच्या पाण्यात धुतलेला पहिला घाणा वाळल्यावर पापडासारखा कडक. पाणी जड आहे, साबण त्यातल्या चुन्याशी मिळून फेस न होता पांढरा चोथा होतो आणि तो कापडातच बसतो. दुसरा घाणा नर्मदेचं पाणी आलं त्या दिवशी बादल्या भरून ठेवून धुतला, फरक हाताला कळतो. साबण साधा, थोडा, आणि तीनदा खळबळून. सॉफ्टनर नाही, त्याचा थर बसला की लंगोट पाणी पीत नाही, वर तो वास. शेजारच्या काकू म्हणाल्या शेवटच्या पाण्यात अँटिसेप्टिक घाल, मी हो हो म्हटलं आणि घातलं नाही. ऊन आहे की.

आता हे ठेवायचं कशात? ट्रंक बाद. आजीनेच सांगितलं, कडुनिंबाची वाळलेली पानं जुन्या मलमलच्या पुरचुंडीत बांध. रामबागेतल्या घरी प्लास्टिकच्या डब्यात ठेवलं, कपाटात, पण त्याच कपाटाच्या वरच्या खणात आईच्या शालूंमध्ये गोळ्या निघाल्या. त्या काढल्या. आई रागावली. शालूंना कसर लागली तर मी जबाबदार.

११ डिसेंबर

मुलगा! सकाळी ६:४०, २.९ किलो. आजी : "म्हटलं नव्हतं?" (तिने दोन्ही म्हटलं होतं.)

झबलं नंबर १ घातलं. बाह्या दोन बोटं लांब. दुमडल्या.

१२ डिसेंबर

हॉस्पिटलमधून पिशवीभर धुणं. पहिली शी डांबरासारखी काळी-हिरवी चिकट असते, आधी ते गार पाण्याखाली चोळून काढायचं, गरम पाणी आधी लावायचं नाही. दुधाच्या डागालाही तेच, गरम पाण्याने प्रोटीन शिजून धाग्यात पक्कं होतं. मी घाईत तीन दुपट्यांवर सरळ गिझरचं पाणी सोडलं. ती तीन आता कायमची नकाशावाली दुपटी.

सिस्टरने दुपट्यात गुंडाळायचं शिकवलं. हात जवळ, पण कमरेखाली पिशवी ढिली, पाय बेडकासारखे मुडपलेले राहिले पाहिजेत. आजीला पाय सरळ करून घट्ट बांधायची सवय, "नाहीतर फेंगडे होतात". सिस्टर म्हणाली सरळ ओढून बांधल्यानेच खुब्याचा सांधा निसटायची भीती असते. आजी माझ्याकडे बघत राहिली, जसं काही मीच सिस्टरला पढवून ठेवलंय.

१४ डिसेंबर

डोळे पिवळे, छाती पिवळी. रिपोर्ट आला, लाइटखाली ठेवायचं म्हणाले. डॉक्टरांनी जे प्रश्न विचारले त्यातला एक : घरच्या कपड्यांना डांबर गोळ्यांचा वास आहे का? आई एकदम माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं नाही, एकही कपडा ट्रंकेतला नाही. म्हणताना आवाज जरा कापला माझा. डॉक्टर म्हणाले ठीक, तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच बाळांना होते तशी आहे, तरी टेस्ट पाठवू.

आणि निळ्या लाइटखाली बाळ कसं ठेवलंय, तर डोळ्यांवर पट्टी आणि एक लंगोट. बस. तीन महिने शिवलेलं सगळं पिशवीत घालून मी बाकावर बसले होते. प्रकाश कातडीवर पडला तरच ते पिवळं, बिलिरुबिन, मोडतं आणि बाहेर पडतं, म्हणून कपडा जेवढा कमी तेवढा चांगला.

१७ डिसेंबर

घरी. आकडा उतरला. वजन २.७, पहिल्या आठवड्यात थोडं घटतंच म्हणाले, दहा-पंधरा दिवसांत भरून येईल. टेस्ट पण नॉर्मल आली, म्हणजे एन्झाइम ठीक आहे. आजीला सांगितलं तर म्हणाली, "मग ती झबली चालली असती." मी काही बोलले नाही. मग थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण तेव्हा आपल्याला काय माहीत होतं."

१९ डिसेंबर

थंडी पडलीये, रात्री खोलीत १९ दिसतं. आज माझीच चूक. पाय गार लागले म्हणून मी झबलं, होजियरी, वर आजीचा लोकरीचा स्वेटर, टोपडं, मोजे, दुपटं, एवढं सगळं चढवलं. अर्ध्या तासात बाळ लालबुंद, रडणं वेगळंच, मानेमागे हात घातला तर घाम. थर्मामीटर ३७.७. मनू रडायच्या बेतात. नर्सबाईंना फोन, तिने सांगितलं स्वेटर-टोपडं काढ, पंधरा-वीस मिनिटांनी परत बघ, ३८ झालं किंवा बाळ पीत नसेल तर थांबू नका, सरळ घेऊन या. काढलं. ३७.१ झालं, प्यायला लागलं.

नवीन बाळाचे हातपाय गार असतातच, ते बघून कपडा ठरवायचा नाही, मान किंवा छाती बघायची. आपल्याला जेवढं लागतं त्याहून एक थर जास्त, एकच. लोकर सुती कपड्यावरून. झोपताना टोपडं काढायचं, ते सरकून नाकावर येतं आणि तसंही बाळाची जास्तीची उष्णता डोक्यातूनच जाते. आणि शेगडी बंद खोलीत आणायची नाही, ह्यावर आजीशी भांडण झालं ते लिहीत नाही.

२० डिसेंबर

नाळ पडली. इतके दिवस लंगोट बेंबीच्या खाली दुमडून बांधत होतो, हवा लागायला.

२२ डिसेंबर

बारसं. कुंची पंधरा नाही, सात मिनिटं. मग त्याने त्यावर दूध काढलं.

२ जानेवारी

लंगोटांवरचे मोहरीसारखे पिवळे डाग साबणाने जात नाहीत. आजी : ओले असतानाच उन्हात टाक. टाकले, संध्याकाळी जवळजवळ पांढरे. मी मनूला म्हटलं अगं हे तेच आहे, निळ्या लाइटखाली बाळाचं पिवळं गेलं तसंच उन्हात लंगोटाचं जातं, शीचा रंग त्याच बिलिरुबिनपासून आलेला असतो. मनू म्हणाली ताई, मला दोन तास झोपू दे.

तेलाचे डाग मात्र उन्हाने जात नाहीत, उलट खवट वास येतो. त्याला भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब चोळून मग धुवायचं.

१२ जानेवारी

संक्रांतीला काळं झबलं हवंच म्हणून मनूच्या सासूबाईंचा पुण्याहून फोन. काळं कापड आणलं, धुतलं, पाणी काळं. आईने मीठ घालून भिजवायला लावलं, रंग पक्का होतो म्हणे. वाळल्यावर पांढरा ओला रुमाल वीस वेळा घासला, रुमाल करडा. मीठ फुकट गेलं, रंग सुटतोय तो सुटतोयच. तीन धुण्यांनंतर रुमालाला पुसट डाग. बाळ कापड चोखतं हल्ली, अंगाला लावणार नाही. आत लांब बाह्यांचं पांढरं मलमल, वरून काळं, फोटोपुरतं.

१४ जानेवारी

फोटो झाला. तिळगूळ आम्हीच खाल्ला. काळं लगेच काढलं, आतल्या पांढऱ्याच्या गळ्याला करडी रेघ आलीच.

२० जानेवारी

डाव्या दंडावर बीसीजीच्या लशीच्या जागी फोड आलाय, पिकल्यासारखा. मनू घाबरली पण तो ह्या सुमारास येतोच, दाबायचा नाही, औषध लावायचं नाही. फक्त बाही घासायला नको, आणि झबल्यांच्या बाह्या आता घट्ट व्हायला लागल्यात. वजन ४ किलोला आलंय. १४ पैकी ९ झबल्यांच्या डाव्या बाहीला बगलेपासून चीर दिली, काठ हाताने दुमडून घेतला. उरलेली पाच आजीने मागून घेतली, तिलाच शिवायची आहेत.

नवीन साइजचा खाका : लांबी २ इंच वाढव, बाही दीड इंच रुंद, बगलेत एकच शिलाई. मलमल थोडीशीच उरलीये, पुरणार नाही. शनिवारी कपडा मार्केट, त्याच काकांकडे, आईला न सांगता.